बिनवायरचे हॅलोदादा

आमच्या शेजारच्या घरात वायर सापडली की तिची धडगत नसते. घरमालक आधी तिला पायाने चाचपतात, मग हाताने धरतात आणि ती जिथून आली असेल तिथून उपटून अंगणात भिरकावतात. गेल्या गणपतीत माझी दिव्यांची माळ अशीच त्यांच्या परसात, दुधीच्या वेलाखाली सापडली. बिचारी त्यांच्या ओटीच्या कडेकडेने जरा पलीकडे जात होती, एवढाच तिचा अपराध. जाब विचारायला गेले, तर उत्तर मिळालं, "दावं ढोराला असतं बाई, मानसाला नाय."

हे विष्णू निमसे. आमच्या शेणवे गावात त्यांना विष्णू म्हणणारं आता कोणी उरलेलं नाही, लहानथोर सगळ्यांचे ते हॅलोदादा. जन्मापासून दृष्टी नाही. सगळी नोकरी भातसानगरला धरणाच्या ऑफिसात टेलिफोन ऑपरेटर म्हणून झाली. निवृत्त होऊन बरीच वर्षं लोटली, पण माणूस अजून लाईनवरच आहे. फाटक वाजलं की आतून आवाज येतो, "हॅलो, बोला, कोण पायजे?" घरात माणसं दोनच, दादा आणि मथुरावहिनी, आणि दादा तर समोर ओटीवरच बसलेले. तरी "वहिनी आहेत का?" म्हटलं की "होल्ड करा" म्हणतात आणि मगच आत हाक मारतात.

ज्या माणसाने जन्मभर वायरींच्या जोरावर पगार घेतला, त्याने म्हातारपणी वायरीशी उभा दावा मांडावा, याला काय म्हणायचं? पण कारण आहे. निवृत्तीनंतर दादांनी लॅपटॉप घेतला, त्यात पडद्यावरचं सगळं बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर घातला, आणि पाठोपाठ घरात वायरींची वीण झाली. चार्जरची, कीबोर्डची, कानातल्या यंत्राची, स्पीकरची. एक दिवस वहिनींना ताप होता म्हणून दादांनी स्वतः चहा केला आणि दोन्ही हातांत कप घेऊन निघाले ते उंबऱ्यात आडव्या पडलेल्या वायरीत अडकून थेट वहिनींच्या अंथरुणावर पोचले. चहासकट.

"भिंत कवा जागा सोडत नाय," असं त्यांचं तत्त्वज्ञान आहे. "दार नाय सोडत, खांब नाय सोडत. म्हनून मी घरात तुमच्यापरीस जलद चालतो. वायर मातर सकाळी हितं, सांजंला तितं. तिचा भरवसा काय धरायचा?"

तेव्हापासून घर बिनवायरचं झालं. लॅपटॉप माळ्यावर असतो, तोही झाकण मिटून. "उघडून काय बगायचं हाय मला?" कीबोर्ड कापडी पिशवीत घालून गळ्यात, एका कानात बोंडाएवढं यंत्र आणि स्वयंपाकघरात फळीवर एक छोटा स्पीकर. सगळं ब्लूटूथवर. चार्जरची एक वायर माळ्यावर आहे, पण ती नजरेआड आहे म्हणून चालते, असं दादाच सांगतात.

हे माहीत नसलेल्या माणसाची मात्र पंचाईत होते. मागे एकदा म्हसा गावच्या जत्रेहून बैल घेऊन परतणारे एक लांबचे पाहुणे वाटेत टेकायला आले. पाहतात तो दादा आंब्याकडे तोंड करून मांडीवरच्या फळकुटावर बोटं आपटतायत, पुटपुटतायत आणि मध्येच खो खो हसतायत. कॉम्प्युटर म्हणावा असा डबा कुठेच नाही. पाहुण्यांनी पाण्याला हातसुद्धा लावला नाही. वहिनींना बाजूला घेऊन हळूच विचारलं, "कवापास्नं हाय?" आणि टोकावड्याकडचा, भूतबाधा उतरवणारा एक चांगला भगतही सुचवून गेले.

स्क्रीन रीडरच्या आवाजाला दादा 'ऑपरेटर' म्हणतात. बाईचा आवाज आहे. त्यांच्यासाठी ती इतक्या वेगाने बोलते की तव्यावर मोहरी तडतडल्यागत नुसता आवाज येतो, शब्द एकही सुटा लागत नाही. वहिनींना पहिल्यापासून ही सवत खपली नाही. "दम घेत नाय गो ती," त्या मला म्हणायच्या, "आनि माझं बोलनं लांबलं का हेंना जांबया येतात."

पण संध्याकाळी याच सवतीचा वेग कमी केला जाई. वहिनी शाळेत गेलेल्या नाहीत आणि दादा पेपर पाहू शकत नाहीत, म्हणून पेपर दोघांनाही ऑपरेटरच वाचून दाखवी. वहिनी चुलीशी भाकऱ्या थापत, दादा ओटीवरून कीबोर्डने पान उलटत, फळीवरून बातम्या येत. प्रत्येक बातमीला वहिनी आतून "हं" म्हणत, कधी "मेला" म्हणत, कधी "बरं झालं" म्हणत. मग दोघांचं त्यावर भांडण. मला भिंतीपलीकडून सगळं ऐकू यायचं आणि भांडण रंगलं की मी तपासायच्या वह्या बाजूला ठेवत असे.

हळूहळू वहिनींचे "हं" चुकायला लागले. बातमी संपायच्या आधी यायचे, नाहीतर यायचेच नाहीत. मुरबाडकडचे एक गुरुजी वारल्याची बातमी आली, त्यावर आतून स्वच्छ आवाजात "बरं झालं" आलं. दादा त्या गुरुजींना फार मानत. मी भांडणाची वाट पाहिली. भांडण झालं नाही.

दुसऱ्या दिवशी दादा फाटकाशी आले. "बाई, मथुराला ऐकू येत नाय. मला कळलंय, पन तिला सांगू नका. ती लपवते. लपवू दे."

माझी खरी अडचण पुढे सांगते. त्याच्या आदल्याच आठवड्यात, हळदीकुंकवाच्या निमित्ताने घरी आल्या असताना, वहिनींनी माझा हात धरून सांगितलं होतं, "बाई, मला कमी ऐकू येतंय गो. तेंना सांगू नका. तेंचं डोळं म्हंजे मी. आता कान बी गेला म्हनून कळलं तर घाबरतील."

म्हणजे नवऱ्याला ठाऊक, बायकोला ठाऊक, दोघांनी एकमेकांपासून लपवायचं आणि मधल्या मधे मी तोंडाला कुलूप लावून हिंडायचं. शाळेत चाळीस पोरांची भांडणं मी मधल्या सुट्टीत मिटवते, पण इथे माझं काही चालेना. एकदा दादांना म्हटलं, "सांगून टाका ना." तर म्हणाले, "मला दिसत नाय, ती सांगते. मी बोलतो, ती ऐकते. एवढ्या एका लाईनीवर आमचं घर चाललंय बाई. ती लाईन गेली तर मी कुनाशी बोलू?" त्या दिवशी मस्करीचा सूर नव्हता त्यात.

मग दादांचे उपाय सुरू झाले. फळीवरचा स्पीकर चुलीजवळ आला, चुलीजवळचा वहिनींच्या पाटाशी आला. आवाज वाढला. इतका वाढला, की आळीतल्या लोकांनी पेपर विकत घेणं सोडलं. "निमश्यांचा नवा थाट" म्हणून लोक नावं ठेवू लागले. समोर राहणाऱ्या घरत मंडळींना तर निमश्यांचा आवाज आपल्यापेक्षा मोठा, ही स्वतःची बेअब्रू वाटली. मुलाच्या लग्नाचं निमित्त करून त्यांनी चाकांचा, पोराच्या उंचीचा भलामोठा स्पीकर आणला आणि यातलं कळणारा आळीत एकच माणूस असल्याने चाचणीसाठी तो दादांच्याच ओटीवर ढकलत आणला. दादांनी आपला लॅपटॉप त्याला जोडून पाहिला, खणखणीत आहे असा शेरा दिला. घरत खूश होऊन गेले. जोडणी मात्र पुसायची राहिली. ब्लूटूथचं एक असतं, एकदा ओळख झाली की ते विसरत नाही.

आणि हळदीचा दिवस उजाडला.

घरतांच्या अंगणात मांडव, मांडवात अर्धं शेणवं. हळदी जोरात चाललेल्या, ज्याच्या त्याच्या हाताला, गालाला, कपड्याला हळद. मथुरावहिनी त्या स्पीकरला अगदी खेटून बसलेल्या. हल्ली कुठल्याही लग्नात त्या तिथेच बसत. दादा आले नव्हते. "गर्दीत वायरी लय असतात" म्हणून ते रस्त्यापलीकडे आपल्या ओटीवर बसून कीबोर्ड बडवत होते. जेवणाआधी गाणी थांबली, कोणीतरी स्पीकर बंद केला, आणि थोड्या वेळाने पुन्हा चालू केला. गाणी लावणाऱ्याचा मोबाईल जोडला जायच्या आत माळ्यावरच्या लॅपटॉपने जुनी ओळख साधली.

दादांनी त्या वेळी शहापूरच्या कानाच्या डॉक्टरांना पाठवायचा मजकूर लिहून संपवला होता. महत्त्वाचं काही असलं की ते वेग कमी करून पहिल्यापासून ऐकत. तसं बटण त्यांनी दाबलं.

मांडवात ऑपरेटरचा आवाज घुमला. सावकाश, एकेक शब्द सुटा.

"डॉक्टरसाहेब स्वल्पविराम नमस्कार पूर्णविराम. माझ्या बायकोला ऐकू येत नाही पूर्णविराम."

समोरच्या ओटीवर दादा ताडकन उभे राहिलेले मला दिसले. त्यांनी बोटं दाबली, पुन्हा दाबली, सगळी बटणं एकदम दाबली. पण कीबोर्डच्या सेलने नेमका तोच मुहूर्त धरून राम म्हटला होता.

"मला हे कळलं आहे स्वल्पविराम हे तिला कळू देऊ नका पूर्णविराम. माझेच कान तपासायचे आहेत असं सांगून तिला घेऊन येतो पूर्णविराम."

"बंद कर गो, बंद कर!" दादा ओरडले. ज्या माणसाने घरातली प्रत्येक वायर वेचून वेचून हद्दपार केली, तो त्या क्षणी ओढायला एक वायर मिळावी म्हणून भिंती चाचपत होता. मग ते माळ्याच्या शिडीकडे धावले. इकडे मांडवात घरत बटणाशी हात नेत आणि मागे घेत. हात हळदीने माखलेले, आणि स्पीकर कोरा करकरीत.

"यंत्र चांगलं द्या स्वल्पविराम पैशाचं बघू नका पूर्णविराम. फक्त त्याला वायर नको पूर्णविराम. ती सारखी चुलीपाशी असते स्वल्पविराम अडकून पडेल पूर्णविराम."

मग आवाज तुटला. दादा माळ्यावर पोचले असावेत.

एकही माणूस हसला नाही. शेणव्यात हे क्वचितच घडतं. सगळ्यांच्या नजरा वहिनींकडे. त्या स्पीकरला खेटून बसलेल्या, आणि तो आवाज असा होता की बहिऱ्यालाही ऐकू यावा. त्यांनी तो ऐकला होता, स्वल्पविरामासकट. त्या उठल्या, पदर खोचला आणि रस्ता ओलांडून घराकडे निघाल्या. मी मागोमाग गेले. दोघांचंही गुपित पोटात ठेवलेली मी एकटीच होते, मला तिथे थांबवेना.

दादा शिडीच्या शेवटच्या पायरीवर बसलेले, मिटलेला लॅपटॉप मांडीवर.

"बाई? कुटवर ऐकलं लोकांनी?"

"सगळं."

"आनि तिनं?"

"त्यांनीही."

दादांनी मान खाली घातली. वहिनी पुढे झाल्या तशी त्यांना पावलांवरून चाहूल लागली आणि ते भराभर बोलायला लागले, की तसं काही नाही, डॉक्टर ओळखीचे आहेत, सहज लिहिलं होतं. बोलताना त्यांनी कान वहिनींकडे केला होता आणि तोंड भिंतीकडे. हे मी रोज पाहत होते आणि माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं. न दिसणारा माणूस समोरच्याला कान देतो, तोंड नाही. इतके महिने वहिनींशी ते असेच बोलत होते, भिंतीकडे तोंड करून.

वहिनींनी हळदीने भरलेल्या हाताने त्यांची हनुवटी धरली आणि चेहरा आपल्याकडे वळवला.

"कान काय दावता मला? तोंड हिकडं करून बोला. व्हट दिसला का समजतं मला."

"मंग आदी नाय सांगायचं?"

"तुमी सांगितलं?"

दादांचे ओठ थरथरले, तेवढं वहिनींना दिसलं असेल. मी तिथून निघाले. पाठीमागे वहिनी म्हणत होत्या, "आता बोला, काय बोलायचं हाय ते. हलू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेला जाताना मला दादा-वहिनी आधीच बसलेली भाड्याची जीप मिळाली. दोघं शहापूरला डॉक्टरकडे निघाली होती. हळदीचा डाग काही एका आंघोळीने निघत नाही. दादांच्या हनुवटीवर पिवळी बोटं स्पष्ट उमटलेली होती, दोन्ही बाजूंनी, नवऱ्या मुलासारखी. जीपमधले सगळे ती पाहत होते, आणि सांगायचं मात्र कोणी नाव घेत नव्हतं. वहिनींनीही सांगितलं नसावं. शहापूर येईपर्यंत दादा मान अवघडून, तोंड बायकोकडे करून बोलत राहिले आणि ती त्यांच्या ओठांवरची नजर न काढता प्रत्येक वाक्याला "हं" म्हणत राहिली.