नुसते बसण्याचे कारण

तक्रार कक्षातील कारकुनाचा रक्तदाब वाढला, ही कार्यालयाच्या दृष्टीने विशेष बाब नव्हती. नऊ वर्षे तो दिवसाचे सात तास फोनवर लोकांच्या शिव्या खाऊन "आपली तक्रार नोंदवली आहे" असे म्हणत होता. पण आता त्याची झोपच उडाली, तेव्हा डॉक्टरांनी गोळ्यांच्या खाली लिहिले : रोज अर्धा तास झाडाखाली बसणे. काहीही करू नये.

बाग घरापासून चार मिनिटांवर होती. कारकून मोठ्या झाडाखालच्या बाकावर टेकला, त्याने वर पानांकडे पाहिले आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा त्याला बरे वाटले. तेवढ्यात रखवालदार नोंदवही घेऊन आला.

"साहेब, कशासाठी बसलात?"

"काही नाही. नुसताच."

रखवालदाराने अदबीने फलक दाखवला : उद्यानात विनाकारण बसू नये. वहीत चालणे, पळणे आणि व्यायाम असे तीन रकाने होते. चौथा आखण्याचा अधिकार त्याला नव्हता.

दुसऱ्या दिवशी कारकुनाने डॉक्टरांची चिठ्ठी आणली. उद्यान अधीक्षकांनी ती दोनदा वाचली.

"म्हणजे तुम्ही पेशंट. पेशंटला एकटं कसं बसू देणार? उद्या काही झालं तर ठपका झाडावर येईल. घरचं माणूस सोबत आणा. आणि गुण येतोय की नाही, तेही आम्हाला कळायला हवं."

त्याप्रमाणे बायको सोबत आली. ती मटार सोलत असल्याने तिच्या बसण्याला कोणाचीच हरकत नव्हती. रखवालदार मात्र दर दहा मिनिटांनी कारकुनाच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा आवळू लागला. तो येताना दिसला तरी कारकुनाला धडकी भरे आणि आकडा चढे. आठवड्याअखेर अधीक्षकांनी शेरा मारला : अर्जदारास झाड मानवत नाही. परवानगी रद्द.

घरी येताना कारकून रडकुंडीला आला. "संपलंच म्हणायचं. एवढा एकच उपाय होता."

"अहो, उद्या तिथेच जाऊन बसा," बायको म्हणाली. "फक्त हातात फोन धरा. बंद करून. त्यांना काय कळतंय."

कारकून बंद फोन नाकासमोर धरून बसला. रखवालदाराने जवळ येऊन पाहिले आणि काही न विचारता तो पुढे गेला. अधीक्षकांनी लांबूनच मान डोलावली. माणूस कामात होता. फोनच्या वरून पाने दिसत, कधी खार दिसे. दोन महिन्यांत रक्तदाब उतरला, झोप लागू लागली आणि शिव्या ऐकतानाही कारकून मधूनच हसू लागला. त्याबद्दल कार्यालयाने त्याच्याकडून खुलासा मागवला आहे, पण ते असो.

वाचकहो, असल्या बागेला हसणे सोपे आहे. परवा संध्याकाळी तुम्हीही खिडकीशी बसून समोरच्या झाडाकडे नुसते बघत होतात. आतून विचारणा झाली, "काय झालं? बरं वाटत नाहीये का?" तुम्ही घाईघाईने फोन उचललात आणि घरातले सगळे निर्धास्त झाले. फरक एवढाच, की तुमचा फोन चालू होता.