मेश्राम काकांचा एक किलो हायड्रोजन

बारशाचे पेढे घेऊन कोणी मेश्राम काकांकडे गेलं, की काका पेढा तोंडात टाकतात अन् विचारतात, "कोळशातून एक किलो हायड्रोजन काढाले किती खर्च येते, सांग बरं!"

नालवाडीत आमची भिंतीला भिंत. काका वीज केंद्राच्या प्रयोगशाळेत कोळसा तपासून रिटायर झाले, तेव्हापासून हा नाद. एकदा भर पंगतीत त्यांनी भाजी वाढणाऱ्याला थांबवलं. "तापल्या कोळशावर वाफ सोडली का हायड्रोजन सुटते. कोळसा सस्ता हाय रे, पण मशीन महाग! अन् आपल्या कोळशात राखच लय." तोवर पंगत खोळंबलेली, भाजी थंडगार.

त्यांच्या खिशात या हिशोबाच्या झेरॉक्स असतात. भेटेल त्याला एक देतात अन् म्हणतात, "तपासून पाय." आम्ही वरवर नजर फिरवतो, "बराबर हाय काका" म्हणतो अन् सटकतो. मीही तेच करत आलो, सांगायला लाज वाटते.

काकू जिल्हा परिषद शाळेत गणिताच्या बाई होत्या. तीन वर्षांपूर्वी गेल्या. परवा काका म्हणाले, "संजू, पोरगा पुण्याले बोलावून राह्यला. घर विकतो म्हणते. जातो आता कायमचा."

राजेहो, नका जाऊ म्हणायला तोंड कुठं होतं? घरी येऊन त्यांचा कागद काढला अन् पहिल्यांदा नीट वाचला. कोळसा, पाणी, मशीन, राख, मजुरी, सगळं होतं. पण हायड्रोजनसोबत ढीगभर कार्बन डायऑक्साइड निघतो, तो पकडून जमिनीत गाडायचा खर्चच नव्हता! तो धरला तर सगळी स्वस्ताई खलास.

तसाच पळत गेलो. "काका, हिशोबात चूक हाय!"

मला वाटलं, चिडतील. काकांनी कागद पाहिला, माझ्याकडे पाहिलं अन् त्यांचे डोळे भरून आले.

"मुद्दाम ठेवतो रे. तुही काकू हिशोब तपासाले बसे, म्हणून तिच्यासाठी एक चूक ठेवत जावो मी. ती पकडे अन् मंग घंटाभर भांडे. ती गेल्यावर कोणीच पकडली नाई. लय सुनं वाटते संजू."

काकांनी डोळे पुसले, मला खुर्चीत बसवलं अन् पोराला फोन लावला.

"घराले गिऱ्हाईक पाहू नको, बेटा. माह्याशी भांडाले माणूस भेटला."