कैलासचा ‘येस सर’

"तुमच्या इंग्रजीनं माझ्या गिऱ्हाइकाचं इंजिन खाल्लं!" बहारीनमधल्या तुबली भागातल्या गॅरेजचा मॅनेजर हेमचंद्र फोनवर इंग्रजीत कडाडत होता आणि तिकडे उम्म अल हस्सम भागातल्या फ्लॅटमध्ये लीनाची पोळी तव्यावर करपत होती.

कैलासला बहारीनला येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. गुहागरकडचा गडी. हात सोन्याचे, पण इंग्रजीच्या नावानं शंख. अशा नव्यानं आलेल्या दहा-बारा जणांना लीना दर शुक्रवारी सकाळी घरच्या हॉलमध्ये इंग्रजी शिकवायची. "मुंडी हलवू नका, तोंड उघडा! येस किंवा नो, खणखणीत!" हे तिनं महिनाभर घोकवून घेतलं होतं. आणि या बाबानं गाडीत ऑइल न टाकताच ‘येस’ ठोकून दिलं. गाडी हायवेवर गेली, इंजिन जॅम झालं. आता हेमचंद्र त्याला सरळ गावी धाडायला निघाला होता.

टॅक्सीत लीनाचा पारा चढतच गेला. गॅरेजात पाय ठेवताच ती कैलासवर तुटून पडली. "खोटं बोलायला शिकवलं होतं का मी?"

"खोटं नाय ओ बाई!" कैलास रडकुंडीला आला होता. "जुनं ऑइल काढलं, नवा कॅन आणायला निघालो, तर सायबांनी विचारलं, ‘यू डिडन्ट पुट ऑइल?’ नव्हतंच टाकलं. म्हटलं, येस सर. कॅन घेऊन येतोय तर गाडी मफी, गायब! सायबांनी गिऱ्हाइकाला देऊन टाकलेली!"

लीनानं तो प्रश्न मनातल्या मनात मराठीत करून पाहिला. टाकलं नाहीस? हो, नाही टाकलं. मराठीत बावनकशी खरं, इंग्रजीत शुद्ध थाप. अशा प्रश्नाला ‘नो’ म्हणायचं असतं, हे तिनं शिकवलंच नव्हतं. पण स्वतःवरचा राग माणूस फार वेळ जवळ ठेवत नाही. ती हेमचंद्रकडे वळली.

"तुम्ही ठाण्याचे, हा गुहागरचा. मराठीत विचारायला तुमची जीभ झडली होती?"

"ओन्ली इंग्लिश इन माय गॅरेज!" हेमचंद्रनं टेबलावर हात आपटला.

"बरं, इंग्लिश. यू डोन्ट वॉन्ट हिम हिअर?"

"येस!" तो गरजला.

"थँक्यू. कैलास, साहेबांना तुम्ही हवे आहात. कामाला लागा."

"अहो बाई, नकोय म्हणतोय मी!" हेमचंद्रच्या तोंडून अस्सल ठाणं बाहेर पडलं.

"मग येस कशाला म्हणालात?"

"येस म्हणजे... हो, नको..." हेमचंद्र अडखळला. त्यानं एकदा कैलासकडे, एकदा ओढून आणलेल्या गाडीकडे पाहिलं आणि मटकन खुर्चीत बसला.

"इंजिन खोलायला घे," शेवटी तो कैलासला म्हणाला, चक्क मराठीत. "आणि अडलं तर मला येऊन विचार. पण हळू बोल रे. बाकीच्यांना कळता कामा नये."