तळ्यातली सदतीस कासवं

कोणत्याही शास्त्राची प्रगती व्हायची असेल, तर त्याचं उत्तर आधी ठरलेलं असावं लागतं. उत्तर ठरलेलं नसलं की विद्यार्थी भरकटतो, परीक्षक गोंधळतो आणि निकाल लांबतो. आमच्या विद्यापीठाच्या पर्यावरणशास्त्र विभागाला हे तत्त्व फार लवकर उमगलं, म्हणूनच आमचा निकाल वर्षानुवर्षं शंभर टक्के लागतो. (एका वर्षी तो एकशे दोन टक्के लागला होता. छपाईची चूक, असं परीक्षा विभाग म्हणतो. आम्ही दुरुस्ती मागितली नाही.)

मी या विभागात प्रॅक्टिकल घेतो. विभागाच्या मागे, सायकल स्टँडच्या पलीकडे, एक तळं आहे. इतर विद्यापीठांना निसर्ग बघायला बस करून जावं लागतं. आमचे विद्यार्थी चप्पल न बदलता जातात. या तळ्यात कासवं आहेत. किती? सदतीस. हे मी सांगत नाही, प्रॅक्टिकलची पुस्तिका सांगते.

आता तळ्यातली कासवं मोजायची कशी? तळं उपसता येत नाही आणि कासवं रांगेत उभी राहत नाहीत. म्हणून शास्त्रानं युक्ती काढली आहे. एकदा जाळं टाकायचं, जितकी कासवं सापडतील त्यांच्या पाठीवर रंगाचा ठिपका द्यायचा आणि सोडून द्यायचं. काही वेळानं पुन्हा जाळं टाकायचं आणि त्यात ठिपकेवाली किती आली ते पाहायचं. पहिल्या वेळची संख्या गुणिले दुसऱ्या वेळची, भागिले ठिपकेवाली. झालं. जाळं, रंग आणि पाढे एवढ्या भांडवलावर सगळं तळं कळतं.

विभागाच्या संस्थापक सरांनी पहिल्यांदा हा प्रयोग केला, तेव्हा पहिल्या जाळ्यात अकरा, दुसऱ्यात दहा, त्यांपैकी ठिपकेवाली तीन निघाली. उत्तर आलं छत्तीस पूर्णांक सहासष्ट शतांश, म्हणजे सदतीस. (अर्धवट कासव आम्ही पूर्ण धरतो. तेवढा मोठेपणा शास्त्रानं दाखवावा.) हे उत्तर पुस्तिकेत छापलं गेलं आणि तेव्हापासून तळ्यातल्या कासवांनी ते पाळावं अशी अपेक्षा आहे.

कासवांनी ती पुरेपूर पाळली असं म्हणवत नाही. मध्यंतरी विभागानं पर्यावरण-सुशोभीकरण योजनेखाली तळ्याच्या चारही कडांना गुळगुळीत फरशी बसवली. तळं इतकं देखणं झालं की बघत राहावं. फक्त कासवांना अंडी घालायला माती लागते, हा मुद्दा योजनेच्या मसुद्यात नव्हता. मग त्यांची संख्या हळूहळू, शिस्तीत, कुणाला त्रास न देता कमी होत गेली. आज तळ्यात सदतीस कासवं आहेत, त्यांपैकी दिसणारं एक.

त्या एकाला मुलं काका म्हणतात. काकांइतका सहकार्य करणारा कर्मचारी विद्यापीठात दुसरा नाही. ते वेळेवर येतात, रजा घेत नाहीत, आणि जाळं पाण्यात पडताच स्वतःहून त्यात शिरून बसतात. (उगाच वाट कशाला पाहायला लावा?) विद्यार्थी ठिपका देतो, सोडतो, पुन्हा जाळं टाकतो, पुन्हा काका. एका तुकडीत साठ मुलं, प्रत्येकाचा एक ठिपका, दर तुकडीचा रंग वेगळा. काकांची पाठ आता रंगाऱ्याच्या हात पुसायच्या फडक्यासारखी झाली आहे. मुलं त्यांना प्रेमानं सोडतात, हात धुतात, आणि जर्नलमध्ये लिहितात : अकरा, दहा, तीन, सदतीस. चौतीस ते चाळीस यांमधलं कोणतंही उत्तर आम्ही बरोबर धरतो. प्रयोग म्हटला की थोडं इकडेतिकडे व्हायचंच.

हे सगळं सुरळीत चाललं असताना माझी भाची विभागात दाखल झाली.

ताईची एकुलती एक लेक. राहायला आमच्याकडेच. पोरगी हुशार, पण एक खोड वाईट : जे दिसेल ते लिहायचं. लहानपणी पाहुण्यांसमोर "मामाचे केस रात्री काळे झाले" म्हणणारी हीच ती. प्रॅक्टिकलच्या परीक्षेला तिनं जाळं टाकलं, काका आले. पुन्हा टाकलं, पुन्हा काका आले. एक गुणिले एक भागिले एक. तिनं उत्तर लिहिलं, "एक."

मी तिला बाजूला घेतलं. "अगं, पुस्तिका वाचलीस का?"

"वाचली मामा. पण कासव एकच आहे."

"इथं सर म्हणायचं."

"सर, कासव एकच आहे."

आता काय बोलायचं? नियम म्हणजे नियम. चौतीस ते चाळीस यांमध्ये एक हा आकडा येत नाही, हे मी स्वतः दोनदा ताडून पाहिलं. तिला शून्य गुण मिळाले, आणि विभागाच्या इतिहासात पहिल्यांदा कुणीतरी नापास झालं. फेरपरीक्षेत उत्तर बदललं नाही तर अख्खं वर्ष वाया जाणार होतं.

घरी काय झालं ते विचारू नका. बायकोनं मला आमटी वाढताना फक्त पाणी येईल अशा बेतानं पळी बुडवली. ताईचा फोन आला. "पोरगी तुझ्याकडे ठेवली ती शिकायला, की तिचं वाटोळं करायला? सख्खा मामा ना तू?" मी तिला मोजमापाची शास्त्रीय पद्धत समजावून सांगू लागलो, तर तिनं फोन ठेवला. (सर्वसामान्य जनतेपर्यंत विज्ञान पोहोचवणं किती अवघड आहे, हे यावरून दिसतं.)

पोरीला मात्र स्वतःच्या वर्षाचं पडलंच नव्हतं. तिला काकांचं पडलं होतं. "मामा, त्यांनी आठवडाभर काही खाल्लेलं नाही. पान टाकलं की तोंड फिरवतात. आणि पुढच्या महिन्यात नवीन साठ मुलं येतायत रंग घेऊन." एके दिवशी तिनं काकांना टबमध्ये घालून परस्पर जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. मीही गेलो, टब घरचा होता.

डॉक्टरांनी काकांना उलटं केलं आणि म्हणाले, "काका कसले? मादी आहे ही."

माझा विश्वासच बसेना. पण आम्ही त्यांना इतकी वर्षं पाठीकडूनच पाहत होतो. पोटाची बाजू अभ्यासक्रमात नाही.

"या रंगाखाली कवच गुदमरलंय," डॉक्टर म्हणाले. "ऊन लागत नाही, कवच मऊ पडत चाललंय. रंग खरवडून हिला कुठंतरी माती असलेल्या पाण्यात सोडा. जिथं हिच्यासारखी आणखी असतील तिथं. अजून एक तुकडी रंगवलीत, तर मग माझ्याकडे आणू नका, उपयोग नाही."

गावाबाहेर एक मोठा तलाव आहे. त्याची कुणी शोभा केलेली नाही, त्यामुळे तिथं अजून कासवं आहेत. काकांना (म्हणजे काकूंना, सवयीनं तोंडात बसलंय) तिथं सोडायचं असं पोरीनं ठरवलं आणि परवानगीसाठी विभागप्रमुखांकडे गेली. मी शेजारी उभा होतो, तटस्थ.

"सर, तळ्यात हे एकच कासव उरलंय. एकटं आहे. तेवढं जाऊ द्या."

विभागप्रमुखांनी चष्मा काढला. ते रागावले नाहीत. ते कधीच रागावत नाहीत. "बाळ, एकच आहे हे मी मान्य केलं, तर आजवर सदतीस लिहून पास झालेल्यांच्या पदव्यांचं काय करायचं? त्यात माझी आहे. तुझ्या मामाची आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची असते." मग चष्मा लावून म्हणाले, "आणि एकच असेल, तर ते दिलं की आपल्याकडे काय राहील? एकुलतं एक कासव कुणी देतं का?"

युक्तिवाद बिनतोड होता. त्या दिवशी पोरगी जेवली नाही. बायको माझ्याकडे बघत म्हणाली, "कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही." मी म्हटलं, आपला विषय कासवाचा आहे.

फेरपरीक्षा आली. पोरीनं जाळं टाकलं नाही, रंग उघडला नाही. काठावर फरशीवर बसून एका दमात लिहिलं : अकरा, दहा, तीन, सदतीस. मी पूर्ण गुण दिले. खरं सांगतो, मला आनंद व्हायला हवा होता, पण गुण लिहून झाले तरी ते पान उलटवेना. इतकी वर्षं मुलं हेच लिहितात. कुणाच्या अक्षराकडे बघून असं झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी विभागप्रमुखांच्या टेबलावर तिचा अर्ज होता. "महोदय, विभागाच्या तळ्यात सदतीस कासवं असल्याचं माझ्या नुकत्याच झालेल्या, पूर्ण गुण मिळालेल्या प्रयोगातून सिद्ध झालं आहे. त्यांपैकी एक आजारी असून त्याच्यामुळे उरलेल्या छत्तीस कासवांना संसर्ग होण्याची भीती आहे. तरी सदर कासव अन्यत्र हलवण्याची परवानगी मिळावी."

विभागप्रमुखांनी अर्ज पुन्हा पुन्हा वाचला. नाही कसं म्हणणार? सदतीसमधून एक गेलं तर छत्तीस उरतात, आणि छत्तीस हा आकडा चौतीस ते चाळीसमध्ये व्यवस्थित बसतो. त्यांनी शेरा मारला, "एकूण संख्येवर परिणाम नगण्य. मंजूर." सरळ बोटानं तूप निघत नाही हे पोरीला कळलं, आणि चार वर्षांच्या अभ्यासक्रमातून आणखी काय शिकायचं असतं?

डॉक्टरांनी रंग खरवडला. तुकडीमागून तुकडी निघत गेली. एका फिकट निळ्या थरापाशी मी थोडा वेळ थांबलो, तो माझ्या तुकडीचा होता. मग स्कूटरवर मी पुढे, पोरगी मागे, मध्ये टब आणि टबात काकू. तलावाच्या काठी चिखलात टब कलता केला. काकू बाहेर आल्या, पाण्यापर्यंत गेल्या आणि तिथंच मान वर काढून थांबल्या.

"जात का नाहीत?" पोरगी म्हणाली.

मला कळलं होतं. त्या जाळ्याची वाट पाहत होत्या. जाळं येत नाही म्हटल्यावर बऱ्याच वेळानं हळूच पाण्यात शिरल्या. माझे डोळे भरून आले. मी पोरीला सांगितलं, रंगाच्या वासानं होतं असं. ती म्हणाली, "हो मामा." इथं तिला सर म्हणायची आठवण मी करून दिली नाही.

पुढच्या महिन्यात नवीन तुकडी आली. जाळं टाकलं, काही नाही. पुन्हा टाकलं, काही नाही. साठही मुलांनी शून्य गुणिले शून्य भागिले शून्य असं मांडून माझ्याकडे पाहिलं. विभागात एकच खळबळ उडाली. शेवटी गणित विभागातल्या बाईंना बोलावलं.

"शून्याला शून्यानं भागलं तर किती?" विभागप्रमुखांनी विचारलं.

"ते ठरवताच येत नाही. कुठलीही संख्या घाला, ताळा जुळतो."

"सदतीस घातले तर?"

"जुळेल. सदतीस लाख घातले तरी जुळेल. पण त्याला अर्थ..."

विभागप्रमुख तोवर छापखान्याला फोन लावत होते. पुस्तिकेची नवी आवृत्ती निघाली आहे. तीत लिहिलं आहे : "तळ्यातील कासवांची संख्या : अगणित." आता कोणतंही उत्तर बरोबर धरलं जातं. प्राण्याला हातही न लावता केलेल्या या मोजणीबद्दल विद्यापीठानं विभागाचा सत्कार केला. जाळ्याची आणि रंगाची खरेदी बंद झाली. तळ्यात सध्या फक्त आकाश दिसतं, तेही फरशीमुळे फार स्वच्छ.

भाची उत्तम गुणांनी पास झाली. आता ती त्या तलावावर कासवं मोजायचं काम करते. परवा तिचा फोन आला, आवाज नुसता नाचत होता. "मामा, नऊ! काकूंना धरून नऊ. आणि काठाच्या मातीत अंडी आहेत!" मला तिची कीव आली. एवढं शिकून नऊ. आमच्याकडे अगणित आहेत.

आता तुम्ही हसत असाल. खुशाल हसा. फक्त एक तोंडी प्रश्न विचारतो, तेवढ्याचं उत्तर द्या. लहानपणी तुमच्या घरामागे अंधार पडला की काजवे चमकायचे, पाणी साचलं की बेडकं ओरडायची. शेवटचा काजवा कधी पाहिलात? शेवटचं बेडूक कधी ऐकलंत? आठवत नाही ना? आणि त्यावर तुम्ही आत्ता मनातल्या मनात काय म्हणालात?

"असतील कुठंतरी."

बरोबर. पूर्ण गुण. तुम्हाला आमच्या विभागात प्रवेश घ्यायची गरज नाही. तुम्ही केव्हाच पास झालेले आहात.