गेनूभाऊंचं पिनांचं मशीन

नवा गालिचा अंथरून झाला की गेनूभाऊ त्यावर नाचायचे. हातात लेझीम नसताना लेझीम खेळायचे. दोन पावलं पुढे, एक मागे, मध्येच बैठक. मिलिटरीच्या बंगल्यांतून लाकडी जमिनीवर गालिचे आणि काथ्याच्या चटया बसवायचं काम ते करत. मारलेल्या पिना पक्क्या आहेत का, हे बघायची त्यांची ही रीत. एकदा एका कॅप्टनची नवी नवरी दारात उभी राहून हा प्रकार बघत होती. गेनूभाऊ थांबले नाहीत.

"या बाईसाहेब, तुमी बी दोन उड्या मारा. उद्या पार्टीत कुनी तोंडावर पडलं तर मला बोल नको."

ती खरंच पदर खोचून नाचली, असं गेनूभाऊ सांगत. कॅप्टनसाहेब घरी आले तेव्हा म्हणे दोघंही बैठकीत होते!

बांगलादेशची लढाई नुकतीच संपली होती. मी नगरला लागून असलेल्या भिंगारच्या शाळेत मास्तर होतो आणि गेनूभाऊ आमचे शेजारी. मिलिटरीच्या लिलावात त्यांनी पिना मारायचं एक मशीन घेतलं होतं. आपण कागदांना लावतो तसलं नव्हे. चांगलं वजनदार, वरून मुठीनं ठोकलं की जाड पीन लाकडात घुसवणारं. नगरचे बाकीचे कारागीर हातोडीनं चुका, म्हणजे बारीक खिळे, ठोकत. "चुका मारनारा चुकाच करनार!" असं म्हणून गेनूभाऊ खोकला येईपर्यंत हसत.

मशीन मात्र लहरी. पीन नीट बसली की 'खट्' वाजायचं, अर्धवट राहिली की 'खिट्'. पुढं पुढं गेनूभाऊ माणसंही तशीच मोजू लागले. नवा पोस्टमन खट्. आमचे हेडमास्तर साफ खिट्. माझं काय, असं विचारलं तर म्हणत, "मास्तर, आजून ऐकतोय."

मशीनबद्दल वाकडा शब्द त्यांना खपत नसे. "मशीन भरवशाचं हाय. लाकूडच फितूर हाय."

त्या साली आई नेवाशाहून आमच्याकडे राहायला आली. तिचा पाय अधू झालेला, आणि आमच्या माडीची लाकडी जमीन घसरडी. गेनूभाऊंनी काथ्याची चटई आणून बसवली आणि लगेच लेझीम सुरू केलं. आई हसून हसून डोळे पुसायला लागली.

पुढच्या रविवारी ते पुन्हा हजर. "पिना बघायला आलो."

मग दर रविवारी येऊ लागले. गुडघ्यावर रांगत एकेक पीन अंगठ्यानं दाबायची, आणि तोंडानं आईशी गप्पा. बायको कसं झणझणीत कालवण करायची, शेवटच्या आजारपणातही त्यांच्यावर कशी ओरडायची. घरी त्यांना भाकरी करून घालायला कुणी नव्हतं, हे सगळ्या भिंगारला ठाऊक होतं. बोलायलाही कुणी नव्हतं, हे पहिल्यांदा आईच्या ध्यानात आलं.

एका रविवारी ते उठून उभे राहिले. "आता बघायचं काय ऱ्हायलं न्हाई, आई. समद्या पक्क्या हायत." मशीन उगाच पुसत राहिले आणि निघून गेले. त्यानंतरच्या रविवारी आले नाहीत.

त्याच्या पुढच्या रविवारी सकाळी मी माडीवर गेलो, तर आई जमिनीवर बसून उलथन्यानं काहीतरी उचकटत होती.

"आई, काय चाललंय?"

"निघत नाहीत मेल्या! फारच पक्क्या बसवल्यात त्यानं. जरा जोर लाव की. एक तरी निघायला हवी."

मी उलथनं घेतलं. उलथनं वाकलं, तेव्हा कुठं दोन पिना निघाल्या.

"आता हाक मार त्याला," आई म्हणाली.

गेनूभाऊ आले. उचकटलेली चटई बघितली. वाकलेलं उलथनं बघितलं. मग आईकडे बघितलं. निघालेल्या पिनेच्या भोकावर अंगठा दाबून म्हणाले, "हे काय एका दिसाचं काम दिसत न्हाई."

"मग बस की," आई म्हणाली, आणि तिनं पाट पुढं सरकवला.