नाथाजीनंतरचा स्वल्पविराम

१९९९ साली सांगलीच्या कपिलने आपल्या छापखान्यात संगणक आणला आणि लग्नपत्रिकांचा प्रोग्रॅम स्वतः लिहिला. एक्सएमएल नावाचे, माहितीला खुणा लावून फायलीत ठेवायचे नवे प्रकरण तो पुण्याहून शिकून आला होता. दोन्हीकडच्या निमंत्रकांची नावे एकाच फायलीत. प्रोग्रॅमने त्यातली मुलीच्या पत्रिकेसाठी मुलीकडची आणि मुलाच्या पत्रिकेसाठी मुलाकडची तेवढी वेचायची, प्रत्येकापुढे स्वल्पविराम आणि शेवटच्यापुढे पूर्णविराम द्यायचा. कपिलला त्याचा भारी अभिमान.

कुंडलच्या भाऊसोंच्या मुलीची पत्रिका छापून गेली. निमंत्रकांच्या शेवटी होते, 'नाथाजी,'. पुढे कोरा कागद.

"स्वल्पविराम हाय म्हंजे फुडं नाव हुतं," भाऊसोंचा चुलतभाऊ ज्ञानू, फौजेतून परतलेला गडी, गरजला. "माझंच खोडलं न्हवं? मग ट्रॅक्टर मिळायचा न्हाई."

मांडवाचे सगळे सामान त्याच ट्रॅक्टरवर यायचे होते. भाऊसोंनी त्याचा हात धरला. "आरं, तुझंच हुतं गड्या! जागा पुरली न्हाई. पर कुणाला बोलू नगंस."

ज्ञानू विरघळला. दुपारी हरणाबाई आत्या फुगून आल्या. भाऊसोंनी त्यांनाही तेच सांगितले. संध्याकाळपर्यंत निम्मी भावकी त्या स्वल्पविरामामागे गुपचूप बसली.

इकडे कपिलला चूक सापडली. प्रोग्रॅम प्रत्येक नावापाशी 'हे फायलीतले शेवटचे का?' असे विचारत होता. फायलीत शेवटचे नाव होते नवऱ्यामुलाच्या मामाचे, गुंडा. मुलीच्या पत्रिकेतून तो वगळला गेला आणि पूर्णविरामही त्याच्याबरोबर गेला. विचारायचे होते, 'मुलीकडचे शेवटचे का?' बिचाऱ्याने पदरच्या कागदावर नव्या पत्रिका छापल्या आणि एसटीने स्वतः कुंडलला आणल्या.

"स्वल्पविराम कुठं गेला?" ज्ञानू ओरडला.

"व्हय, कुठं गेला?" हरणाबाई ओरडल्या. मग सगळी भावकीच ओरडू लागली. आपल्यासाठी एवढी माणसे भांडताहेत हे बघून ज्ञानूचे डोळे भरून आले.

भाऊसोंनी कपिलला बाजूला ओढले. "ती चूक परत घाल."

"आवं काका, चूक कशी घालू?"

"घाल बाबा. लय गुणाची चूक हाय."

चूक परत आली. ट्रॅक्टरही आला आणि मांडव उभा राहिला. कपिल पंगतीला बसणार, तोच गुंडामामा पत्रिका फडकावत आले. मुलाकडची पत्रिका पहिल्यापासून बिनचूक होती.

"पोरीकडं स्वल्पविराम, आनि माझ्याफुडं टिंब? आमची मान्सं सपली व्हय?"

कपिलने खिशातले पेन काढले आणि टिंबाला शेपूट जोडले. गुंडामामांनी ते निरखून पाहिले.

"आता बरं दिसतंय," ते म्हणाले. "पर फुडं नाव कुणाचं हुतं?"