शंभर टक्के सायकलींचं कार्यालय

माणसाने सायकल चालवावी, याबद्दल जगात कुणाचं दुमत नाही. कुणी चालवावी, एवढाच बारीकसा प्रश्न उरतो, आणि तो सोडवायला कार्यालयं काढलेली असतात.

अशाच एका मोठ्या कार्यालयात आवकबाई नोकरीला होत्या. (बाहेरून आलेली कागदपत्रं त्या घ्यायच्या. टेबलावर 'आवक' अशी पाटी होती, आणि लोकांना वाचता येत असल्यामुळे बाईंचं नाव विचारायची वेळ कुणावर आली नाही.) नोकरी हंगामी होती. यंदा साहेबांनी मनावर घेतलं तर बाई कायम होणार. नाहीतर पाटी तिथेच राहणार आणि बाई बदलणार.

आवकबाई रोज सायकलने यायच्या. त्यात मोठेपणा काही नव्हता. घर नदीच्या पलीकडे. बस हवी तेव्हा यायची नाही आणि यायची तेव्हा थांबायची नाही. नवरा सदा फिरतीवर, सासूबाई सदा खुर्चीत. तेव्हा सायकल. काळी, जुनी, पुढे बास्केट, मागे कॅरिअर, आणि साखळीवरचं पत्र्याचं झाकण असं खडखडायचं की घंटी वाजवायची गरजच पडत नसे. पुलावर वारा लागायचा. दिवसाकाठी तेवढाच वेळ त्यांना कुणी काही सांगत नसे.

मग कार्यालयाला पर्यावरणाची काळजी लागली. काळजी वरून आली होती, म्हणजे खरीच असणार. लगोलग सायकल समिती नेमली गेली. समितीत ज्यांना सायकल येत नाही अशांनाच घेतलं, म्हणजे निर्णय निःपक्षपाती होतील. ठरलं असं की, सर्वांनी सायकलने कामावर यावं. सायकलींसाठी आवारात छप्पर, दिवे आणि गुळगुळीत फरशी असलेला स्टँड बांधला गेला. (शेजारची कागदपत्रांची खोली गळत होती, पण कागदांनी पर्यावरणासाठी कधी काही केलेलं नाही.) शिवाय सायकलस्वाराला सकाळी अर्धा तास उशिरा यायची मुभा मिळाली, घाम वाळवण्यासाठी. घाम आला की नाही हे तपासण्याची तरतूदही आधी होती. तपासणार कोण, यावर एकमत न झाल्याने ती गाळली.

पहिल्या दिवशी अख्खं कार्यालय सायकलवरून आलं. काय त्यांचं कौतुक सांगावं! मोठे साहेब सर्वांत पुढे होते आणि त्यांच्यामागून त्यांची मोटार हळूहळू येत होती, कारण साहेबांचे बूट मोटारीत होते. हिशेबनीस दोनदा पडले आणि दोन्ही वेळा हसत उठले. तिसऱ्यांदा नुसतेच उठले. संध्याकाळी सगळ्यांचे गुडघे बोलायला लागले, तेव्हा मंडळी आपापल्या मोटारी मागवून घरी गेली. सायकली स्टँडवर राहिल्या. त्या राहिल्या त्या राहिल्याच. दुसऱ्या दिवसापासून लोक मोटारीने येत, स्टँडकडे प्रेमाने बघत आणि घाम वाळवायला उपाहारगृहात जाऊन बसत. पाहुण्यांसाठी कपाटात ठेवलेल्या कपबश्या जशा लखलखत्या राहतात, तशा त्या सायकली राहिल्या. वापरल्या की टवके उडतात, हे शहाण्या माणसाला सांगावं लागत नाही.

आता प्रश्न आला मोजणीचा. सायकलस्वार मोजायचे म्हणजे कटकट, माणसं हलतात. सायकली हलत नाहीत. म्हणून समितीने सायकली मोजायचं ठरवलं. कामाच्या वेळेत मोजणी केली तर काम खोळंबेल, (कोणतं, ते इतिवृत्तात नाही) म्हणून वेळ ठरली कार्यालय सुटल्यानंतरची.

पहिल्याच मोजणीत सगळ्या जागा भरलेल्या. एक सोडून. दुसऱ्या संध्याकाळी तेच. महिनाभर तेच. अख्ख्या कार्यालयात सायकल न वापरणारी एकच व्यक्ती निघाली, आणि ती म्हणजे आवकबाई.

त्यांना आत बोलावलं गेलं.

"बाई," मोठे साहेब खेदाने म्हणाले, "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. सायकल कुठे असते तुमची?"

"घरी असते साहेब. संध्याकाळी घेऊन जाते."

"घरी? कशासाठी?"

"घरी जायला."

साहेबांनी समितीच्या अध्यक्षांकडे पाहिलं. असा प्रकार त्यांच्याही ऐकिवात नव्हता.

"मग बाकीचे कसे जातात?"

"मोटारीने जातात साहेब."

"बघा!" साहेब म्हणाले. "त्यांना जमतं ना? स्वतःची सोय बाजूला ठेवून सायकल इथे ठेवून जातात. मला पुढच्या आठवड्यात कायम करायच्या लोकांची नावं वर पाठवायची आहेत. तुमच्या एकटीमुळे कार्यालयाचे शंभर टक्के अडलेत. मी काय तोंडाने तुमचं नाव पाठवू?"

आवकबाई घरी आल्या त्या पुलावरून सायकल हातात धरून, चालत. दारातच सासूबाईंनी विचारलं, "पंक्चर?"

"नाही, आई." मग सगळं सांगितलं. डोळे पुसत सांगितलं, आणि वर म्हणाल्या, "मी उद्या लिहूनच देते त्यांना, की रोज सायकलने येणारी मी एकटीच आहे म्हणून."

"दे हो. म्हणजे खोटं बोलते म्हणून काढतील," सासूबाई म्हणाल्या. शाळेशी त्यांचं फारसं जमलं नव्हतं, पण तीन जावा आणि दोन नणंदांच्या घरात आयुष्य काढलेलं. कार्यालय कसं चालतं ते त्यांना वेगळं शिकायचं नव्हतं. "अगं बावळट, त्यांना सायकल हवीय. तू नकोयस. सायकल ठेव तिथे, आणि तू ये घरी."

"आणि सकाळी? बसने गेले तर रोज उशीर होईल."

"आता तू त्यांची सायकलवाली. तुला उशिराची मुभा नाही का?"

आवकबाईंनी मनातल्या मनात हिशेब करून पाहिला. या बोलण्यात खोट काढायला जागाच नव्हती. सायकल चालवत होत्या तोवर त्या वेळेवर पोचायच्या, त्यामुळे सायकलस्वारांच्या मुभेचा त्यांना कधी उपयोगच झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी काळी सायकल स्टँडवर लावली, साखळी घातली, कुलूप लावलं. जाताना बास्केट उगाच जरा सरळ केली. मग बसथांब्यावर जाऊन उभ्या राहिल्या. पहिली बस थांबली नाही. दुसरीने निदान वेग कमी केला.

कार्यालय शंभर टक्के झालं. आवकबाई कायम झाल्या. समारंभात साहेबांनी त्यांना गुच्छ दिला आणि म्हणाले, "यांचं परिवर्तन आपल्या सर्वांना मार्गदर्शक ठरावं." टाळ्या झाल्या. हिशेबनिसांनी तर उभं राहून वाजवल्या. आवकबाईंनी नमस्कार केला आणि लगबगीने निघाल्या, कारण शेवटची बस चुकली असती. नदी त्यांनी बसच्या खिडकीतून ओलांडली. खिडकी उघडत नव्हती. घरी सासूबाईंनी गुच्छ पाण्यात घातला आणि म्हणाल्या, "झालीस ना कायम? मग तोंड का पाडतेस?" आवकबाई म्हणाल्या, "कुठे काय."

इतकं यश एका आवारात कोंडून ठेवणं बरं नव्हे, म्हणून आता हीच मोजणी सगळ्या गावाला लागू झाली आहे. समितीची माणसं घरोघर फिरतात. दार वाजवून कुणाला त्रास देत नाहीत. जिन्याखाली आणि गॅलरीत डोकावतात, सायकल दिसली की खूण करतात आणि पुढे जातात. तुमच्याकडेही येऊन गेली. गॅलरीतली सायकल त्यांनी पाहिली. तिच्या हँडलवर वाळत घातलेला टॉवेलही पाहिला, आणि इतका घाम गाळणारं घर या रस्त्यावर दुसरं नाही, असा शेरा मारला.

गुच्छ तुमच्यासाठी काढून ठेवलेला आहे. येऊन घेऊन जावा. वाहनतळ प्रशस्त आहे.